लेखक, संपादक आणि प्रकाशकांना नेमकं काय विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागातले विद्यार्थी लेखक, संपादक आणि प्रकाशकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करताहेत. पुढे त्यांचं पुस्तक काढायचं आहे. काही मुलाखती झाल्या, पण प्रत्येकीतून तेच ते निघतंय: लहानपणीचं वाचन, शाळेतले एखादे गुरुजी, पहिली कविता आणि ‘हल्ली कोणी वाचत नाही’ ही तक्रार. यापलीकडे कसं जायचं, पैशांबद्दल विचारावं का, शब्दांकन करताना किती हात फिरवायचा, परवानग्या कोणाच्या घ्यायच्या, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत प्रश्नावलीही पाठवली आहे.

साप्ताहिकं आणि दिवाळी अंकांसाठी मुलाखती घेणं आणि त्यांचं शब्दांकन करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. तेव्हा थोडं मोकळेपणाने लिहितो.

तुमच्या प्रश्नावलीत चुकीचा असा एकही प्रश्न नाही. पण फक्त समोरच्याच माणसाला विचारता येईल असाही एक नाही. ‘लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?’ हे पाच-सहा पुस्तकं लिहून झालेल्या माणसाला शाळेच्या स्नेहसंमेलनापासून वाचनालयाच्या वर्धापनदिनापर्यंत सगळीकडे विचारून झालेलं असतं. उत्तर तोंडपाठ असतं, हशा कुठे येतो तेही ठाऊक असतं. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? तुम्ही जे मागितलं ते त्यांनी दिलं.

माझं सांगणं एवढंच की मुलाखतीचा विषय माणूस ठेवू नका, पुस्तक ठेवा. एकच पुस्तक. ते ज्याने लिहिलं, ज्याने त्यावर संपादकीय हात फिरवला आणि ज्याने त्यात पैसे घातले, अशा तिघांकडून तेच पुस्तक ऐका. तिघांपैकी कोणी हयात नसेल तर घरचे, नाहीतर कार्यालयातले जुने लोक. पाच पुस्तकं निवडलीत तर पंधरा मुलाखती होतील आणि त्या एकमेकींना जागोजागी छेद देतील. तुमच्या पुस्तकाचा खरा ऐवज त्या छेदांमध्ये आहे.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. वि. स. खांडेकरांची पुस्तकं काढणाऱ्या देशमुख आणि कंपनीने १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी काढली. नेमाडे तेव्हा पंचविशीत. इथे प्रेरणेचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. खांडेकरांचा वाचक सांभाळणाऱ्या प्रकाशनसंस्थेने हे हस्तलिखित हातात का धरलं? पुस्तक दुकानात गेलं तेव्हा दुकानदाराने गिऱ्हाइकाला ते काय सांगून विकलं? खांडेकरांच्या पुस्तकांवर आलेला पैसा अशा नव्या पुस्तकांना किती उपयोगी पडायचा? असे प्रश्न प्रत्येक जुन्या प्रकाशनसंस्थेला विचारता येतात, आणि मराठी कादंबरीचा इतिहास त्यांतून जितका कळतो तितका समीक्षेच्या चर्चासत्रांतून कळत नाही, असं माझं मत आहे. मराठी विभागात हे बोलू नका.

पुस्तक ठरलं की त्याची पहिली आवृत्ती मिळवा. नवी प्रत चालणार नाही. पुणे मराठी ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद, एवढ्या ठिकाणी फिरलात तर बहुतेक मिळेल. मिळाली की मजकुराआधी शीर्षकामागचं पान वाचा. मुद्रक कोण, छापखाना कोणत्या पेठेत, मुखपृष्ठ कोणाचं, किंमत किती, आवृत्तीचं साल काय. मग नंतरची एखादी आवृत्ती शेजारी ठेवा. अर्पणपत्रिका बदलली आहे का? प्रस्तावना गळली आहे का? प्रकाशकच बदलला आहे का? यातली कुठलीही गोष्ट नुसती बोट ठेवून दाखवा, माणूस अर्धा तास बोलतो.

पानांची संख्यासुद्धा बघा. पुस्तक साधारणपणे सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. १७६ पानं म्हणजे नेमके अकरा फर्मे. मजकूर १७८ पानांवर गेला की प्रकाशकापुढे दोन वाटा: आणखी कागद घालून उरलेली पानं कोरी सोडायची किंवा जाहिरातींनी भरायची, नाहीतर कुठेतरी दोन पानं कापायची. एका कथासंग्रहातली शेवटची कथा का गळली यावर मी दोन समीक्षकांचं गंभीर विवेचन वाचलं होतं. प्रकाशकाला विचारल्यावर ते म्हणाले, “अहो, फर्म्यात बसेना.” लेखकाने मात्र तीच कथा ‘संग्रहाच्या सुरात बसत नव्हती’ असं सांगितलं होतं. मला दोघंही खरं बोलत होते असं वाटतं. कुठली तरी कथा जाणार हे फर्म्याने ठरवलं, कोणती जाणार हे लेखकाने.

कागदपत्रांवर बोट ठेवून विचारणं कसं उपयोगी पडतं त्याचा एक अनुभव सांगतो. शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या प्रकाशनसंस्थेत, संस्थेचं नाव नको, हस्तलिखितांची आवक नोंदवायची एक लांबट वही होती. रकाने हाताने आखलेले: तारीख, नाव, गाव, हस्तलिखिताचं शीर्षक, पानं, वाचायला कोणाकडे, निर्णय. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘सा.प.’ म्हणजे साभार परत. मधेच एका नावापुढे तेच ‘सा.प.’ खोडून ‘थांबणे’ असं लिहिलेलं, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने. संस्था चालवणारे काका तासभर मला ‘आम्ही नेहमी नव्यांना संधी दिली’ असं सांगत होते. मी विचारलं, हे खोडलं कोणी? ते वही जवळ घेऊन बघत राहिले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या, पदराला हात पुसत, आणि म्हणाल्या, “मी खोडलं. यांनी वाचलंच नव्हतं, मी वाचलं होतं.” पुढची सगळी मुलाखत वहिनींची झाली. पार्सलं कोण बांधायचं, व्ही.पी. (पोस्टमन पैसे घेऊनच देतो ते पार्सल) कोण लिहायचं, पहिलं प्रूफ कोण वाचायचं, कोणत्या लेखकाला उचल दिली आणि ती परत आली नाही, हे सगळं त्यांच्याकडे होतं. घरातून चाललेल्या कितीतरी प्रकाशनसंस्थांचं असंच आहे. बाहेर पाटीवर एक नाव असतं, हिशेब दुसऱ्याच्या डोक्यात असतो. तेव्हा मुलाखत ठरवताना ‘घरी कोण कोण कामात होतं?’ हे फोनवरच विचारून घ्या.

आता संपादक. तिघांत सगळ्यात अवघड हेच. लेखकाला बोलायचं असतं, प्रकाशकाला निदान तक्रार करायची असते. संपादकाच्या धंद्याचा धर्मच न बोलण्याचा. कोणत्या गाजलेल्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण आपण पुन्हा लिहून काढलं हे त्याला पक्कं माहीत असतं आणि ते तो सांगत नाही. सांगूही नये. म्हणून त्याला लेखकांविषयी विचारू नका, पद्धतीविषयी विचारा. ‘कथा आवडली, पण शेवट जमला नाही असं वाटलं तर पत्रात पहिलं वाक्य काय लिहायचात?’ असं विचारलं की खुर्ची पुढे सरकते. मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचा दरारा होता तो अशाच पत्रव्यवहारामुळे. कथा परत यायची ती सूचनांसकट. काही जण त्या सूचनांवर घडले, काही चिडले, आणि लघुअनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे प्रस्थापितांविरुद्ध स्वतःचे छोटे अंक काढणाऱ्या तरुण लेखकांनी, तर ‘सत्यकथे’ची होळी केली. १९८२ साली मासिक बंद पडलं तरी त्या संपादनाच्या आठवणी अजून निघतात, त्या स्तुतीच्याही आणि रागाच्याही. दोन्ही नोंदवा.

पुण्यातली परंपरा निराळी आहे, ती मुंबईच्या मापाने मोजू नका. इथे नियतकालिकं वाचकाला धरून चालली. शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं घराघरांत नेली; अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये ‘हंस’ सुरू केला; साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेली ‘साधना’ आता शनिवार पेठेतून निघते; श्री. ग. माजगावकरांनी १९६१ मध्ये ‘माणूस’ काढलं. आणि ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. या अंकांत काम केलेली, उपसंपादक म्हणून टेबलावर बसलेली माणसं अजून शहरात आहेत. मुख्य संपादकांवर पुष्कळ लिहून झालंय. वाचकांची पत्रं कोण निवडायचं, पान भरेना तेव्हा पानपूरक म्हणून काय टाकायचे, कोणाचा मजकूर नेहमी उशिरा यायचा, हे उपसंपादकच सांगेल.

मुद्रितशोधकांना, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्यांना, तर कोणी विचारतच नाही. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची तेव्हा प्रुफात एक शब्द वाढला तर ओळ सरकायची, ओळ सरकली तर पान सरकायचं, आणि त्याची मजुरी कोणाच्या तरी अंगावर पडायची. फर्मा छापून झाला की खिळे पुन्हा आपापल्या खान्यात टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागणार. त्यामुळे लेखकाला दुसऱ्या प्रुफात फार बदल करू द्यायचे नाहीत असा दंडक होता. संगणक आला, त्यावरच पानं जुळवायचं डीटीपी आलं, पुण्यातच तयार झालेली श्री-लिपी ही मराठी अक्षरजुळणीची प्रणाली घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे पोचली आणि बदल फुकट झाला. तेव्हापासून काही लेखक पाचव्या प्रुफापर्यंत कादंबरी लिहीत असतात. याचा लेखनावर काय परिणाम झाला हे दोन्ही काळ पाहिलेल्या मुद्रितशोधकाइतकं नेमकं कोणी सांगू शकणार नाही. हा माझा आवडता विषय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

पैशांबद्दल विचारावं का? विचारावंच. पण ‘लेखनावर पोट भरतं का?’ असं विचारलंत की एक सुस्कारा मिळतो, माहिती मिळत नाही. त्याऐवजी असं विचारा: पहिलं मानधन मनीऑर्डरने आलं की चेकने? या पुस्तकाचा करार लेखी होता का? रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीवर, आणि हिशेब दर वर्षी यायचा की मागितल्यावर? सर्वसाधारण टक्केवारी १० ते १५ च्या घरात सांगतात, पण ती कशावर मोजायची आणि कधी द्यायची यात सगळी गंमत आहे. प्रकाशकाला विचारताना त्याची बाजू समजून घ्या. विक्रेत्याचं आणि वितरकाचं कमिशन, कागदाचा भाव, गोदामाचं भाडं, आणि परत आलेला, कडा पिवळ्या पडलेला माल. पूर्वी पहिली आवृत्ती सहज हजार-अकराशेची असायची, आता पाचशे काढतानाही विचार करतात. प्रकाशनपूर्व सवलत ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे: वाचकाचे पैसे आधी, छपाई नंतर. ती योजना कोणत्या पुस्तकाला फळली आणि कोणत्या पुस्तकाला गळ्याशी आली, हे नक्की विचारा.

आणि ग्रंथालयं विसरू नका. राज्यात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला. अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे ग्रंथालयांना अनुदान मिळू लागलं आणि त्यातला काही वाटा पुस्तक खरेदीला. पुष्कळ मराठी पुस्तकांचा पहिला आणि शेवटचा गिऱ्हाईक ग्रंथालयच. कुठला प्रकाशक हे लगेच कबूल करत नाही, पण ‘मार्चमध्ये, अनुदान खर्चायच्या वेळी, तुमच्याकडे किती गडबड असते?’ असं विचारलं की ओळखून हसतो. पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात उभं राहून बघा. शालेय पुस्तकं, गाइडं आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तकं यांच्यामागच्या फळीवर कादंबरी असते. पुढची फळी मागच्या फळीला किती पोसते, हा एका अख्ख्या मुलाखतीचा विषय आहे.

तारखांच्या बाबतीत स्मरणशक्तीवर विसंबू नका, पण माणसाला उलटतपासणीलाही उभं करू नका. जुन्या पुणेकराला साल विचारण्याऐवजी ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ असं विचारा. पानशेत धरण फुटून पूर आला ती १२ जुलै १९६१ ही तारीख त्यांच्या डोक्यात खुंटीसारखी ठोकलेली आहे, बाकीच्या आठवणी तिला टांगलेल्या असतात. शिवाय त्या पुरात नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांतले, दुकानांतले कागद गेले. एखाद्याकडे त्याआधीची पत्रं नाहीत असं दिसलं तर आधी हेच विचारा. भिजलेले कागद वाळवून ठेवलेलेही सापडतात.

शब्दांकनाबद्दल मी जरा कडक आहे. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेल्या पानांत एक वाक्य आहे: ‘सुरुवातीच्या काळात मला अनेक नकार पचवावे लागले.’ ध्वनिमुद्रण ऐकलं, तर लेखक असं म्हणालेत: “पाठवली. आली परत. पुन्हा पाठवली, शीर्षक बदलून. परत. तिसऱ्यांदा तर पाकीटसुद्धा त्यांनी माझंच वापरलं, वर नुसता माझा पत्ता चिकटवला.” हे पाकीट तुम्ही कसं काय टाकून दिलंत? अडखळणं, ‘म्हणजे’, ‘काय आहे की’ हे काढा. एकच गोष्ट दोनदा आली असेल तर नीट आलेली ठेवा. क्रम थोडा पुढेमागे करायलाही हरकत नाही. पण बोलण्यातलं क्रियापद बदलू नका आणि नाम तर अजिबात नको. कोणी ‘खिळे’ म्हणालं तर ‘मुद्रणसाहित्य’ लिहू नका. सोलापूरचा माणूस सोलापूरसारखा बोलला असेल तर त्याला सदाशिव पेठेत आणून बसवू नका.

मजकूर दाखवायचा की नाही? दाखवायचा, पण कसा ते आधी ठरवून. लेखकाच्या हातात शब्दांकन दिलं की तो त्याचा लेख करून परत पाठवतो. सगळं जिवंत गेलेलं असतं आणि चार अवतरणं आलेली असतात. म्हणून मी मजकुरासोबत शंकांची एक यादी देतो: ही नावं, ही सालं, हे आकडे तपासा, वगळायचं असेल ते खूण करून दाखवा, पंधरा दिवसांत कळवा. एवढं लेखी ठरलेलं असलं की बहुतेक जण पाळतात. कोणी म्हणालं की अमुक काढा, तर काढा, वाद घालू नका. मूळ ध्वनिफीत जपून ठेवा आणि ती किती वर्षांनी खुली करायची हे त्यांच्याकडून लिहून घ्या. हयात माणसांबद्दलचं बरंचसं खरं बोलणं त्या अटीवरच मिळतं.

परवानग्यांचं पाहू. मुलाखत देणाऱ्याची लेखी संमती घ्या, आणि तीत ध्वनिमुद्रण, छापील पुस्तक, ई-पुस्तक, अनुवाद हे सगळं वेगवेगळं नमूद करा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं समजलं जातं. तुमच्या मसुद्यात दोन्ही नाहीत. दुसरी गोष्ट पत्रांची. प्रकाशक मोठ्या प्रेमाने एखाद्या दिवंगत लेखकाचं पत्र काढून देतील आणि ‘छापा खुशाल’ म्हणतील. कागद त्यांच्या मालकीचा असतो, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या पत्रावर तो पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं राहतो. तेव्हा वारसांना विचारल्याशिवाय पत्र छापू नका. मुलाखतीत त्याचा उल्लेख करून त्यात काय होतं ते आपल्या शब्दांत सांगता येतं. छायाचित्रांनाही हाच सावधपणा लागू.

शेवटी वेळापत्रक. तुमचं पत्र ऑगस्टमध्ये आलंय आणि यादीत पहिली नावं दिवाळी अंकांच्या संपादकांची आहेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला तेव्हापासून मराठी संपादकाचा हा मोसम ठरलेला आहे. जाहिराती यायच्यात, दोन लेखकांनी मजकूर दिलेला नाही, चित्रकार फोन उचलत नाही, अशा माणसाला आत्ता ‘तुमच्या जडणघडणीविषयी सांगा’ म्हणू नका. त्यांना तुळशीच्या लग्नानंतर फोन करा. तोवर ग्रंथालयात बसून पाच पुस्तकं ठरवा, पहिल्या आवृत्त्या गोळा करा, आणि त्यांवर छापलेल्या मुद्रकांच्या पत्त्यांवर जाऊन या. बरेच छापखाने बंद झालेत, काहींच्या जागी इमारती उठल्यात, पण शेजारच्या दुकानात विचारलंत तर जुन्या कंपोझिटरचं, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याचं, घर कोणीतरी दाखवतं. जाताना पुस्तकाची प्रत बरोबर न्या. पान समोर धरलंत की टाइप कुठून आणलेला होता आणि मजकूर कोणी जुळवला होता, तिथून ते बोलायला लागतात.